वेळ जातो तो दारांत

तीन मुलं, तीन शाळा आणि पोचवणारं माणूस एकच, अशी वेळ आली की पहिल्यांदा सगळे नकाशा उघडतात. कुठला रस्ता जवळचा, सिग्नल कुठे कमी, कुठून वळलं तर दोन मिनिटं वाचतील. मीही तिथूनच सुरुवात केली होती. पण दोन आठवडे घड्याळ लावून नोंदी ठेवल्या की लक्षात येतं, रस्त्यात वाचवण्यासारखं फार काही नसतं. वेळ जातो तो दारांत. घराचं दार, गाडीचं दार, शाळेचं फाटक. एका मुलाला बूट घालायला दोन मिनिटं लागत असतील तर तिघांना सहा लागतात, आणि त्यातल्या एकाचा मोजा सापडला नाही तर दहा. रस्ता मात्र गाडीत एक मूल असो की तीन, तेवढाच राहतो.

म्हणून आधी मोजायचं. सलग पाच शाळेचे दिवस, प्रत्येक वेळी गाडी उभी असताना, फक्त इतक्याच वेळा टिपायच्या: घरात ‘चला’ म्हटलं ती वेळ, गाडी प्रत्यक्ष हलली ती वेळ, प्रत्येक शाळेपाशी थांबली ती आणि तिथून पुन्हा निघाली ती. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर केलेली चाचणी कामाची नाही, कारण त्या वेळच्या रांगा तेव्हा नसतात. पाच दिवसांचे आकडे हातात आले की सरासरी काढायचा मोह होतो. तो आवरावा. सरासरीवर आखलेलं वेळापत्रक जवळजवळ निम्मे दिवस चुकतं. सगळ्यात वाईट दिवस वगळून त्याच्या खालोखालचा वाईट दिवस धरावा. सगळ्यात वाईट दिवशी बहुधा काहीतरी वेगळंच घडलेलं असतं: टायर पंक्चर, उलटी, हरवलेली किल्ली. त्या दिवसासाठी वेळापत्रक नको, फोन नंबर हवेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

आता एक हिशोब मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, तिथे आपापले घालावेत. थोरली नऊ वर्षांची. तिचं फाटक ७.४० ला उघडतं, घंटा ८.०० ला. मधला सहाचा, फाटक ८.००, घंटा ८.१५, आणि त्याला मोठ्या माणसानं शिक्षिकेच्या हाती द्यावं लागतं. धाकटी तीनची, तिची बालवाडी ८.३० ते ९.०० या वेळात मुलं घेते. तीन ठिकाणांचे क्रम सहा होतात, पण फाटकांच्या वेळा बघितल्या की फारसे उरत नाहीत. ८.३० आधी बालवाडी उघडतच नाही, म्हणजे ती शेवटी. मधल्याचं फाटक ८.०० ला उघडतं आणि नेमकी तेव्हाच थोरलीची घंटा होते, म्हणजे मधला आधी सोडता येत नाही. सहापैकी एकच क्रम उरला. तो नकाशानं ठरवला नाही, फाटकांनी ठरवला. अंतर आणि वेळ यांच्या कात्रीत जे सापडतात ते जवळची शाळा आधी घेतात आणि मग रोज कुठल्यातरी बंद फाटकासमोर उभे राहतात.

गणित उलटं करायचं, म्हणजे घंटेकडून घराकडे. घर ते थोरलीची शाळा १० मिनिटं, तिथून मधल्याची ९, तिथून बालवाडी ७, परत घरी १२. थांबण्याचा वेळ वेगळा लिहायचा. थोरली फाटकापाशी उतरते आणि स्वतः आत जाते, तिथे रांगेसकट ४ मिनिटं. मधल्याकडे ८, कारण त्याला आत न्यायचं तर धाकटीलाही गाडीतून काढून सोबत न्यावं लागतं. बालवाडीत १०. घरी ‘चला’पासून गाडी हलेपर्यंत ६. आता घड्याळावर मांडलं तर: ७.३३ ला चला, ७.३९ ला गाडी हलली, ७.४९ ला पहिली शाळा, ७.५३ ला तिथून, ८.०२ ला दुसरी, ८.१० ला तिथून, ८.१७ ला बालवाडी, १३ मिनिटं वाट, ८.३० ते ८.४० सुपूर्द करणं, ८.५२ ला घरी. एकूण ७९ मिनिटं. त्यातला रस्ता ३८, दारं २८ आणि वाट १३. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ गाडीचं चाक फिरत नाहीये. सिग्नल टाळून दोन मिनिटं मिळवायची आणि बुटांच्या लेसमध्ये चार घालवायची, असं आपलं चाललेलं असतं.

या मांडणीतून आणखी एक गोष्ट दिसते: मोकळा वेळ कुठे पडलाय. थोरली पोचल्यावर साधारण तीन मिनिटांत आत जाते, म्हणजे ७.५२, घंटेला ८ मिनिटं शिल्लक. मधला ८.०७ ला शिक्षिकेच्या हाती. घंटेला पुन्हा ८ मिनिटं. त्यापुढे बालवाडीत मात्र १३ मिनिटं वाट आणि वर अर्ध्या तासाची मुभा. सगळी ऐसपैस जागा साखळीच्या शेवटी, जिथे तिचा उपयोग नाही. घरात ८ मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की दोन्ही घंटा एकदम चुकतात. हा आकडा माहीत असणं फार महत्त्वाचं आहे. ७.४० ला आपण अजून दारातच असू तर धावपळ कामाची आहे, ७.४५ ला असू तर धावपळीचा काहीच उपयोग नाही, उलट घाईत पट्टे नीट लागत नाहीत.

आणि मग प्रश्न येतो की दोघांना थोडा थोडा उशीर होऊ द्यायचा की एकाला वेळेवर पोचवून दुसऱ्याला भरपूर. हा निर्णय स्टिअरिंगमागे बसून घ्यायचा नाही. एखाद्या निवांत संध्याकाळी दोन्ही शाळांना विचारावं की घंटेनंतर काय होतं. काही ठिकाणी फाटक बंद होतं आणि ऑफिसातून नोंद करून जावं लागतं, त्यात मोठ्या माणसाची सही लागते, म्हणजे तिन्ही मुलांसकट आणखी दहा मिनिटं. काही ठिकाणी मूल उशिराच्या वहीत नाव लिहून एकटं वर्गात जातं. जिथे उशिराची किंमत सहीशिवाय भागते तिथे उशीर पत्करावा. हे ठरलेलं असलं की त्या दिवशी गाडीत वाद होत नाही.

शाळेकडून एक सवलत मागून बघावी, ती कुठल्याही नव्या गाडीपेक्षा जास्त कामाची असते: पंधरा मिनिटं आधी प्रवेश. वरच्या हिशोबात बालवाडीनं ८.१५ ला मूल घेतलं तर १३ मिनिटांची वाट संपते. बऱ्याच शाळांत कर्मचारी तोवर आलेलेच असतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं. मागताना ‘थोडं लवकर चालेल का’ असं मोघम मागू नये. भावंडांच्या शाळांच्या वेळा लिहून, नेमकी वेळ सांगून, लेखी मागावं, आणि वर्ष सुरू होण्याआधी. एकदा मुलांची रचना लागली की शाळांना बदल नको असतो.

घराचं दार

घरातली सकाळ आदल्या रात्री संपते, हे सगळेच सांगतात; नेमकं काय संपवायचं ते कमी जण सांगतात. दाराजवळ प्रत्येक मुलाची एक टोपली किंवा खोका, प्रत्येकाचा एक ठरलेला रंग. त्यात दप्तर, मोजे बुटांत खोचून ठेवलेले बूट, भरलेली पाण्याची बाटली, आणि त्या दिवसाची खास वस्तू. खास वस्तूच घात करते. दप्तर कुणी विसरत नाही. लायब्ररीचं पुस्तक, खेळाचा पोशाख, चित्रकलेचा ब्रश, सही करायचा कागद हे विसरतं. त्यासाठी एक तक्ता करावा: आडवे वार, उभी मुलं, आणि चौकटीत फक्त खास वस्तू. रोजच्या वस्तू त्यात लिहिल्या की तक्ता भरून जातो आणि कुणी वाचत नाही. तो दाराच्या आतल्या बाजूला मधल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा, आणि रात्री झोपण्याआधी मुलांनीच वाचून टोपली भरावी. वाचता न येणाऱ्या धाकटीसाठी चित्रं चालतात.

बाटल्या आणि डबे तिघांचे एकसारखे आणण्यात एक मोठी चूक आहे. दिसायला छान दिसतात, पण चुकीचा डबा चुकीच्या शाळेत गेला की तो परत आणायला दोन शाळांमधलं अंतर पुन्हा तोडावं लागतं. रंग वेगळे ठेवावेत आणि झाकण व डबा एकाच रंगाचे घ्यावेत, नाहीतर घासून झाल्यावर सगळं मिसळतं. दप्तराचं वजनही याच वेळी बघावं. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ते असावं असं साधारण सांगितलं जातं. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. भरलेली एक लिटरची बाटलीच त्यातला अर्धा वाटा खाते, त्यामुळे शाळेत पाणी भरायची सोय असेल तर अर्ध्या लिटरची पुरे.

बूट. सहाच्या खालच्या मुलाला लेसचे बूट रोजच्या शाळेसाठी घेऊ नयेत. वेल्क्रोचा बूट वीस सेकंदांत बसतो, लेसचा दोन मिनिटं घेतो आणि फाटकापाशी पुन्हा सुटतो. लेस बांधायला शिकवायची असेल तर दुपार आहे.

शौचालयाचा क्रम ठरलेला हवा. निघण्याआधी पंधरा मिनिटांपासून सुरुवात, आधी थोरली, मग मधला, शेवटी धाकटी, कारण सगळ्यात कमी वेळ धरून ठेवू शकणारं मूल सगळ्यात उशिरा जायला हवं. त्यानंतर बूट आणि सगळ्यात शेवटी जॅकेट. उलट क्रमानं केलं तर जॅकेट घातलेलं मूल दारात घामाघूम होऊन रडतं आणि बूट काढून पुन्हा आत जावं लागतं. आंघोळ-कपडे झालेल्या मुलाला खेळण्यांच्या खोलीत पाठवू नये. ते मूल परत मिळवायला लागणारा वेळ कुठल्याच तक्त्यात मावत नाही.

विसरलेल्या वस्तूसाठी परत फिरायचं का, याचा नियम आधीच करावा. आमचा साधा आहे: औषध, चष्मा आणि इनहेलर यांच्यासाठी परत फिरायचं, बाकी कशासाठीही नाही. तीन मिनिटं गेल्यावर परत फिरलं तर तीन मिनिटं जायला, तीन यायला आणि घराचं दार पुन्हा एकदा. वरच्या आठ मिनिटांतली जवळजवळ सगळी तिथेच संपतात.

झोपेचा हिशोब याच दाराशी जोडलेला आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्यांना ९ ते १२ तास झोप लागते. धाकटीची बालवाडी साडेआठची असली तरी तिला थोरलीच्या घंटेसाठी साडेसहाला उठवावं लागतं. वेगवेगळ्या शाळांची किंमत सगळ्यात लहान मूल मोजतं: वरच्या उदाहरणात ती ७.३३ ला निघायला लागते आणि ८.३० ला आत जाते. तिची संध्याकाळ तिच्या शाळेवरून न ठरवता थोरलीच्या शाळेवरून ठरवावी लागते.

गाडीचं दार

मागच्या सीटवर तीन चाइल्ड सीट शेजारी शेजारी बसतील का, हे विकत घेण्याआधी टेपनं मोजावं. मागच्या बाकाची मधली रुंदी आणि सीटच्या तळाची रुंदी, दोन्ही. अगदी अरुंद सीट साधारण ४४ सेंटीमीटरची असते, म्हणजे तीन सीटना १३२ लागतात, आणि बऱ्याच लहान गाड्यांत तेवढी जागा नसते. जागा असली तरी बक्कल सीटच्या तळाखाली दबतं. बूस्टरवर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या बैठकीवर, बसणाऱ्या मुलाला दोन मोठ्या सीटच्या मध्ये बसवलं तर त्याचा हात बक्कलपर्यंत पोचत नाही आणि स्वतः पट्टा लावू शकणारं मूलही रोज आपल्यावर अवलंबून राहतं. पाठीमागे तोंड असलेली सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर, कधीही ठेवायची नाही. उंची साधारण १४५ सेंटीमीटर होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा मुलाच्या खांद्यावर न बसता मानेवर येतो, म्हणून नऊ वर्षांची थोरली ‘मी मोठी झाले’ म्हणाली तरी बूस्टर राहू द्यावा.

बसण्याचा क्रम उतरण्याच्या क्रमावरून ठरतो. पहिल्यांदा उतरणारं मूल फुटपाथच्या बाजूला. धाकटी शेवटी उतरते म्हणून ती रस्त्याच्या बाजूला जाते, आणि इथे अडचण येते, कारण मधल्याच्या शाळेत तिलाही काढायचं असतं. रस्त्याकडचं दार उघडावंच लागलं तर वाहतूक आणि उघडं दार यांच्या मध्ये मोठ्या माणसानं उभं राहायचं, पाठ गाडीकडे आणि तोंड रस्त्याकडे ठेवून आधी बघायचं, मग वळायचं. त्याहून चांगलं म्हणजे मधल्याच्या शाळेत रांगेत न थांबता थोडं लांब, दोन्ही दारं सुरक्षितपणे उघडतील अशा जागी गाडी लावायची. त्यासाठी चालण्याची दोन मिनिटं जास्त धरावीत. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक कायम लावलेलं असावं, थोरली कितीही शहाणी असली तरी.

उतरवण्याची पद्धत एकदा बसवली की बसते. आधी गाडी बंद, किल्ली खिशात. मग डिकीतून बाबागाडी काढून उघडायची, तिचा ब्रेक लावायचा. तोवर सगळी मुलं पट्ट्यात. मग एकेक मूल बाहेर, आणि बाहेर आलेल्या मुलाचा हात गाडीवर. गाडीच्या मागच्या बाजूला एखादा रंगीत स्टिकर लावून ‘हात इथे’ असं ठरवलं तर तीन वर्षांचं मूलही महिनाभरात शिकतं. पळणाऱ्या मुलाला सगळ्यात शेवटी सोडवायचं आणि चढताना सगळ्यात आधी बांधायचं. चढताना बहुतेक जण उलट करतात: रडणाऱ्याला आधी उचलतात आणि पळणारा पार्किंगमध्ये मोकळा सुटतो.

जाड जॅकेट घालून पाच बिंदूंच्या पट्ट्यात, म्हणजे खांदे, कंबर आणि पायांमध्ये बांधणाऱ्या चाइल्ड सीटच्या पट्ट्यात, मूल बसवू नये. धडकेच्या झटक्यात जॅकेटमधली हवा दबते आणि घट्ट वाटलेला पट्टा सैल पडतो. जॅकेट काढून पट्टा लावायचा, खांद्यावरच्या पट्ट्याची चिमूट धरता येत असेल तर तो अजून सैल आहे, आणि मग जॅकेट उलटं करून वरून पांघरायचं. मुलामागे मिनिटभर यात जातं, ते गृहीत धरून ठेवावं.

गाडीत कायमची राहावी अशी एक पिशवी: एक जोडी अंतर्वस्त्रं आणि मोजे, ओले टिश्यू, चार-पाच प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुना टॉवेल, पेन, केसांचं रबर, पाणी. उलटीसाठी पिशवी मुलाच्या हातात पोचेल अशी ठेवावी, डिकीत नको. गाडी लागणं दोन ते बारा या वयात जास्त दिसतं आणि गाडीत वाचायला बसलेल्या मुलाला ते लवकर होतं. पाढे म्हणवून घ्यावेत, वही उघडू देऊ नये.

एक गोष्ट गंभीरपणे. झोपलेलं मूल ‘मिनिटभर’ म्हणून गाडीत ठेवून दुसऱ्याला फाटकापर्यंत सोडायला जायचं नाही. बंद गाडीतलं तापमान उन्हात दहा मिनिटांतच दहा अंशांच्या आसपास वाढतं, काच थोडी खाली ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. त्याहून भयंकर म्हणजे मूल गाडीत आहे हेच विसरणं. ते बेफिकीर लोकांकडूनच होतं असं नाही. रोजचा क्रम बदललेला असतो, एरवी दुसरं कुणीतरी सोडत असतं, मूल मागे गाढ झोपलेलं असतं आणि हात सवयीनं ऑफिसच्या रस्त्याला वळतात. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. आपली पर्स किंवा फोन धाकटीच्या सीटपाशी मागे ठेवायचा, म्हणजे उतरताना मागचं दार उघडावंच लागतं. आणि बालवाडीला लेखी सांगून ठेवायचं की मूल ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत आलं नाही आणि आमचा निरोप नसेल तर फोन करा.

चालत सोडणाऱ्यांचं गणित वेगळं. मोठं माणूस ताशी पाचेक किलोमीटर चालतं, तीन वर्षांचं मूल त्याच्या निम्म्यानं, आणि वाटेत मुंगी दिसली नाही तर. चारशे मीटरला दहा मिनिटं धरावीत. आपल्याला हात दोन आणि मुलं तीन, तेव्हा धाकटी बाबागाडीत, मधला आतल्या बाजूनं बाबागाडीचा दांडा धरून, थोरली पुढे दोन पावलं पण प्रत्येक कोपऱ्यावर थांबून. रस्ता ओलांडताना थोरलीवर भावंडांची जबाबदारी टाकू नये. वेगानं येणारं वाहन किती जवळ आलंय याचा अंदाज प्राथमिक शाळेच्या वयात डोळ्यांना नीट येत नाही. नियम पाठ असून उपयोग नसतो. पावसात छत्री फक्त थोरलीला, बाकीच्यांना रेनकोट, कारण छत्री धरलेला हात आपल्याला धरता येत नाही. आणि पावसाच्या दिवशी एरवी चालत येणारेही गाड्या काढतात, तेव्हा फाटकासमोरची रांग दुप्पट समजावी आणि पंधरा मिनिटं आधी निघावं.

फाटक

बालवाडीतली दहा मिनिटं बहुतेक रडण्यात जातात. इथे रेंगाळलं की रडणं लांबतं. निरोपाचा ठरलेला छोटा क्रम असावा, उदाहरणार्थ दप्तर खुंटीला, एक मिठी, खिडकीतून हात, आणि मग मागे न बघता निघायचं. गुपचूप सटकणं सोपं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी मूल गाडीतूनच उतरायला तयार होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत इथे दहाऐवजी पंधरा मिनिटं धरावीत.

आता ते फोन नंबर. प्रत्येक शाळेत मूल न्यायला येऊ शकणाऱ्यांची यादी असते आणि ती प्रत्येक शाळेत वेगळी भरावी लागते. एकीकडे दिलेलं नाव दुसरीकडे चालत नाही. आई-वडील सोडून किमान दोन नावं तिन्ही शाळांत सारखीच द्यावीत, फोटोसह. त्या माणसाकडे ओळखपत्र हवं, त्याला फाटक नेमकं कुठल्या बाजूला आहे हे एकदा प्रत्यक्ष दाखवलेलं हवं, आणि धाकटी त्याच्यासोबत रडल्याशिवाय जायला तयार हवी. ही तिसरी अट कागदावर नसते आणि ऐनवेळी तीच अडते. घरात एक परवलीचा शब्दही ठरवून ठेवावा. अनोळखी माणूस न्यायला आला तर मुलानं तो विचारायचा. भावंडानं भावंडाला न्यायचं म्हटलं तर बऱ्याच बालवाड्या नाही म्हणतात, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीवर ती योजना बेतू नये.

दुसऱ्या कुटुंबासोबत पाळ्या लावणं हा खरा वेळ वाचवणारा उपाय आहे, पण तो मोडतो तो ढिसाळ बोलणीमुळे. वार ठरवून घ्यावेत, रोज सकाळी ‘आज कोण’ असं विचारावं लागलं तर पाळी नसल्यातच जमा. ज्याची पाळी आहे त्याचं स्वतःचं मूल आजारी पडलं तर पाळी कुणाची, हे आधी बोलून घ्यावं. प्रत्येक मुलाची सीट कुठल्या गाडीत राहील तेही. दोनच निरोप पाठवायचे, ‘चढली’ आणि ‘आत गेली’. आणि एकाच मुलासाठी पाळी किंवा स्कूल व्हॅन लावायची असेल तर ती थोरलीसाठी लावावी असा आपला ओढा असतो, कारण ती मोठी आहे. आकडे बघावेत. साखळीत सर्वांत कडक घंटा किंवा सर्वांत लांबची शाळा ज्या मुलाची, ते मूल साखळीतून काढलं तर फरक पडतो.

दुपार

दुपारी नियम उलटे होतात. सकाळी लवकर पोचता येतं, दुपारी लवकर पोचून उपयोग नसतो. बालवाडी साडेबाराला, मधला दोनला, थोरली अडीचला सुटत असेल तर मधला दीड तास हा धाकटीच्या झोपेचा वेळ असतो. तिला घरी नेऊन झोपवलं की पाऊण तासात उठवून पुन्हा गाडीत घालावं लागतं. गाडीत दहा मिनिटांची डुलकी लागली तर घरी गेल्यावर ती झोपतच नाही आणि संध्याकाळ सगळ्यांना भोगावी लागते. म्हणून दोनपैकी एक पक्कं करावं: घरी पोचल्या पोचल्या दीडपर्यंत झोप आणि उठवताना पाणी-खाऊ तयार, किंवा बालवाडीत थोडा वेळ वाढवून मिळत असेल तर तिन्ही मुलं एकाच फेरीत.

फाटकातून बाहेर आलेलं मूल दिवसभर शहाण्यासारखं वागून आलेलं असतं आणि आपल्याला बघताच क्षुल्लक गोष्टीवरून कोसळतं. ‘आज काय शिकवलं’ हा प्रश्न तेव्हा विचारू नये. आधी पाणी, मग खाऊ, प्रश्न घरी. खाऊ कोरडा आणि मऊ असावा. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत देऊ नयेत, घशात अडकलं तर गाडी चालवणाऱ्याला आरशात ते वेळेवर दिसत नाही.

तिन्ही शाळांच्या सुट्ट्यांच्या याद्या वर्षाच्या सुरुवातीलाच एका कॅलेंडरवर उतरवून घ्याव्यात. सगळ्या बंद असलेला दिवस सोपा असतो. एक बंद आणि दोन चालू हा दिवस अवघड, कारण घरी असलेल्या मुलालाही फेरीत न्यावंच लागतं. त्या तारखा वेगळ्या रंगानं भराव्यात, अर्ध्या दिवसाच्या शाळा आणखी वेगळ्या रंगानं. आजारी मुलाचंही तेच. ताप आलेलं मूल गाडीत मागे पडून तिन्ही शाळा फिरतं, आणि उलटी-जुलाब थांबल्यावरही बऱ्याच शाळा २४ ते ४८ तास मूल घरीच ठेवायला सांगतात. म्हणजे एक आजार दोन-तीन सकाळी खातो, आणि यादीतल्या त्या दोन माणसांपैकी एकाला आदल्या रात्रीच फोन करावा लागतो.

दर सहामाहीला पुन्हा पाच दिवस मोजावं. मधल्यानं स्वतः पट्टा लावायला सुरुवात केलेली असते, धाकटी रडायची थांबलेली असते, थोरलीच्या शाळेनं फाटक बदललेलं असतं. माझ्या वहीतल्या ताज्या पानावर ‘चला’ ते गाडी हलणं हा आकडा सहावरून साडेचारवर आलाय, आणि मधल्याच्या फाटकापाशी मात्र आठाचे अकरा झालेत: समोर खोदकाम सुरू आहे.